सही चालत नाही, अंगठा द्या

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

माझ्या आजीला सही करता येते. यात सांगण्यासारखे काय आहे, असे ज्यांच्या घरी तीन पिढ्या पुस्तके आहेत त्यांना वाटेल. आमच्या घरात मात्र ही मोठी गोष्ट होती. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्याची लाट आमच्या बीड जिल्ह्यातल्या गावापर्यंत पोचली. दिवसभर खुरपून आलेल्या बाया रात्री देवळाच्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडात पाट्या घेऊन बसत. आजी तिथे चार महिने गेली. वाचायला ती फारशी शिकली नाही, पण स्वतःचे नाव तिने घोटून घोटून पक्के केले.

त्याआधी सगळीकडे तिचा अंगठा असे. मुकादमाच्या उचलीच्या वहीत अंगठा, सोसायटीच्या कागदावर अंगठा, माझ्या वडिलांना शाळेत घातले तेव्हा अर्जावर अंगठा. शाईची ती जांभळी पेटी पुढे सरकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू असायचे, असे आजी सांगते. आपल्या भाषेत अशा माणसांना ‘अंगठाबहाद्दर’ म्हणतात. बहाद्दरीचा तेवढा एकच किताब आमच्या घराण्याला मिळालेला होता, तोही आजीने परत केला. पुढे एकदा बँकेतल्या कारकुनाने सवयीने पेटी पुढे केली, तेव्हा तिने त्याच्या हातातला पेन मागून घेतला. हा प्रसंग ती आजही नव्याने घडल्यासारखा सांगते.

त्याच आजीला दोन वर्षांपूर्वी स्वस्त धान्याच्या दुकानात ऐकावे लागले, “सही चालत नाही, आजी. अंगठा द्या.”

आजीने अंगठा दिला. मशीनने तो नाकारला.

हे मशीन आता सर्वांच्या परिचयाचे आहे. आमच्याकडे रेशनच्या दुकानाला ‘कंट्रोल’ म्हणतात आणि मशीनला ‘थम’. हाताच्या पंजाएवढा डबा, त्यावर एक काच. काचेवर बोट ठेवायचे, ठसा दूर कुठल्या तरी संगणकाकडे जातो, तिथे आधार काढताना घेतलेल्या ठशाशी त्याची गाठ घातली जाते आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते. ‘होय’ आले की पावती निघते आणि धान्य मिळते. ‘नाही’ का आले, ते मशीन सांगत नाही. दुकानदार आपल्या परीने अर्थ लावतो. आमच्या दुकानदाराचे तीन अर्थ ठरलेले आहेत: सर्वर डाऊन आहे, रेंज नाही, किंवा “आजी, बोट पुसा.”

आजीने बोट पुसले. पदराला पुसले, मग ओले केले, मग डोक्याच्या तेलाला लावले, कारण रांगेतल्या एकीने तसे सांगितले. अंगठा झाला, तर्जनी झाली, मधले बोट झाले. मागे रांग वाढली. शेवटी दुकानदार म्हणाला, “उद्या या. सकाळी सर्वर मोकळा असतो.” सर्वर म्हणजे कोणी साहेब असावा आणि तो सकाळी भेटतो, अशी आजीची त्या दिवशी समजूत झाली. ती उद्या गेली, परवाही गेली.

मी सुट्टीत घरी आले तेव्हा तिचा हात हातात घेऊन पाहिला. खरे सांगायचे तर इतक्या वर्षांत तो मी कधी पाहिलाच नव्हता. अंगठ्याच्या पेरावर रेषा अशा नव्हत्याच. घासून गुळगुळीत झालेल्या पाट्यासारखी कातडी, तीवर बारीक चिरा. तीस वर्षे ऊसतोडीला गेलेला तो हात. उजव्या हातात कोयता धरायचा, डाव्या हाताने ऊस मुठीत पकडायचा, पाचट सोलायचे, मोळी बांधायची. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते आणि पाल्यावरची कुसे बोटांत मोडतात. हंगाम संपला की गावात खुरपणी, कांदा काढणी, घरी राखेने भांडी. ठशाला उरणार काय?

मी कला शाखेची विद्यार्थिनी, शास्त्र माझा प्रांत नव्हे. पण या प्रकरणापायी मी थोडे वाचले. बोटांवरच्या या रेषा म्हणजे कातडीचे बारीक उंचवटे असतात. मूल आईच्या पोटात असतानाच ते तयार होतात आणि नमुना आयुष्यभर तोच राहतो. रेषा जिथे संपते किंवा जिथे तिला दोन फाटे फुटतात, ती ठिकाणे मशीन टिपते आणि त्यांची मांडणी जुळते का ते पाहते. नमुन्याचे मूळ कातडीच्या आतल्या थरात असते. त्यामुळे वरची कातडी झिजली तरी हाताला पुरेशी विश्रांती दिली की रेषा पुन्हा वर येतात. म्हणजे उपाय अगदी सोपा आहे: आजीने काही आठवडे काम करायचे नाही. वयाचे मात्र औषध नाही. म्हातारपणी कातडी सैल आणि कोरडी होते, उंचवटे बसत जातात. चुना, सिमेंट, सोडा यांत हात घालणाऱ्यांचे ठसेही असेच पुसट होतात. आमच्या कॉलेजात हजेरीचे मशीन आले तेव्हा काही सर तीन-तीनदा अंगठा दाबताना आम्ही पाहिले आहेत. तो खडूचा प्रताप असावा. सरांना निदान धान्य त्यावर घ्यायचे नव्हते.

आता ‘नाही’ या उत्तराविषयी. मशीन ‘ही ती बाई नव्हे’ असे म्हणत नसते. दोन ठशांत किती साम्य आहे त्याला ते गुण देते आणि उत्तीर्ण होण्याची एक रेषा ठरवलेली असते. रेषा वर नेली तर तोतया सापडतो, पण खरी माणसे नापास होतात. खाली आणली तर खरी माणसे सुटतात, पण एखादा तोतयाही आत शिरतो. दोन्ही एकदम साधत नाही. म्हणजे रेषा कुठे ओढायची हा प्रश्न यंत्राचा नाही, कोणाची चूक आपण सोसायला तयार आहोत याचा आहे. आमच्या विद्यापीठात दोन-चार गुणांसाठी ग्रेस मार्क तरी असतात. काचेच्या डब्याला ती सोय नाही.

अशा नापासांची संख्या थोडी असते, असे समर्थन केले जाते. किती थोडी? भारत सरकारच्याच २०१६-१७च्या आर्थिक पाहणी अहवालात पडताळणी फसण्याच्या प्रमाणाचे जे अंदाज दिले आहेत, त्यांत गुजरात ६ टक्के, राजस्थान ३७ टक्के आणि झारखंड ४९ टक्के आहे. तेव्हा सुरुवात होती, पुढे सुधारणा झाली असे धरून चालू. समजा, शंभरांत पाचच उरले. पण हे पाच दर महिन्याला वेगवेगळे नसतात. चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे आज हा, उद्या तो, असे होत नाही. तेच पाच असतात: म्हातारे, ऊसतोडे, वीटभट्टीवरचे, भांडी घासणाऱ्या बाया. म्हणजे ज्यांच्यासाठी रेशन आहे, नेमकी तीच माणसे. टक्केवारीत ही गोष्ट दिसत नाही, रांगेत उभे राहिले की दिसते.

मला यातली मोठी गंमत वाटली ती इतिहासाची. ठशावरून माणूस ओळखण्याची ही विद्या बाहेरून आलेली नाही, ती इथेच वाढली. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराकडून करारावर शाईने पंजाचा ठसा घेतला. माणसाने नंतर शब्द फिरवू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे १८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने पेन्शन घेणाऱ्यांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या पेन्शनराच्या नावाने दुसराच कोणी पैसे उचलतो, असा त्याला संशय होता. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचे स्वतंत्र कार्यालय निघाले. लाखो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, याची पद्धत तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी नोकरांनी बसवली. जगात ती प्रसिद्ध झाली त्यांच्या साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या नावाने. असो. सांगायचे ते हे की, दीडशे वर्षांपूर्वी सरकारचा जो संशय पेन्शनरावर होता, तोच आज आजीच्या वाट्याच्या धान्यावर आहे. मधल्या काळात शाईची पेटी जाऊन काच आली. आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले, पंतप्रधानांच्या उपस्थितीत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मशीन येण्यापूर्वी सगळे आलबेल होते असे मुळीच नाही. आईदादा ऊसतोडीला गेले की सहा महिन्यांचे आमचे धान्य वहीत ‘दिले’ म्हणून लिहिलेले असायचे आणि पोते बाजारात गेलेले असायचे. मशीन आल्यावर तो प्रकार अवघड झाला. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे आईदादांनी गेल्या हंगामात कारखान्याच्या गावी आपला वाटा उचलला, हेही खरे. दादांचा तर मशीनवर विश्वासच बसला. पण मशीन चोरी धरते ती एकाच प्रकारची: तुमच्या नावावर दुसऱ्याने उचलण्याची. अंगठा तुमचाच घेऊन वीस किलोच्या जागी अठरा किलो मापले, तर काचेला काय कळणार? पावतीवर वीसच येतात. आजी नापास होते आणि काटा पास होतो.

सरकारला हे माहीत नव्हते असेही नाही. २०१६ च्या आधार कायद्यातच, ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीचे दुसरे साधन दाखवून लाभ घेता येईल, असे म्हटले आहे. २०१७ च्या सप्टेंबरात झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. कार्ड आधारला जोडले नाही म्हणून रद्द झाले, घरात दाणा नव्हता, असे तिच्या आईने सांगितले. ती मलेरियाने गेली, असे प्रशासनाने सांगितले. कार्ड रद्द झाले होते यावर मात्र वाद नव्हता. त्यानंतर महिन्याभरात, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, केंद्राने राज्यांना पत्र पाठवले: आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नका, वेगळ्या नोंदवहीत लिहून धान्य द्या. मी हे पत्र सापडल्यावर मोठ्या उत्साहाने त्यातला मजकूर दुकानदाराला वाचून दाखवला. तो शांतपणे म्हणाला, “ताई, तुमचं बरोबर आहे. पण वहीतलं धान्य मशीनमध्ये शिल्लक दिसतं. मग साहेब मला विचारतात, माल कुठं गेला?” त्याचेही खोटे नव्हते. पत्र माणसाला उद्देशून होते आणि हिशेब मशीन मागत होते.

ओटीपीचा पर्याय होता. आमच्या घरी मोबाईल एकच, तो दादांजवळ आणि दादा उसाच्या फडात. रेंज आली तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली. डोळ्यांनी ओळखणारे यंत्रही निघाले आहे म्हणतात, आमच्या दुकानात ते तेव्हा नव्हते. मग उरला मार्ग माझा. कार्डावर माझेही नाव आहे. कार्डावरच्या कोणाही एकाचा ठसा चालतो. वसतिगृहातून गाव चाळीस किलोमीटर, दिवसाला दोन एस. टी. मी दर महिन्याला एक दिवस कॉलेज बुडवून अंगठा द्यायला जाऊ लागले. मॅडमनी एकदा विचारले, “दर महिन्याला नेमके असे काय असते तुझे गावी?” मी म्हटले, “अंगठा द्यायचा असतो, मॅडम.” वर्गात हशा झाला. मलाही हसू आले.

पण बसमध्ये बसल्यावर हसू राहिले नाही. माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागतो. काचेवर ठेवला की हिरवा दिवा. का लागतो? तो कोयत्याला लागलेला नाही म्हणून. आईने मला दहावीनंतर फडात नेले नाही, आजीने मला खुरपे धरू दिले नाही, “तू वाच” म्हणाली, म्हणून माझ्या रेषा शाबूत आहेत. घरात जिने सर्वांत जास्त राबून धान्य पिकवले त्या बाईला मशीन ओळखत नाही. जिने काहीच केले नाही तिला नावानिशी ओळखते.

आणि हा एकट्या रेशनचा प्रकार नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढून हजेरी लावण्याची सक्ती झाली. खोटी हजेरी थांबावी म्हणून. जिथे रेंज नव्हती तिथे खरे काम करून मजुरी बुडाली. जिथे लबाडी होती तिथे लोकांनी फोटोचाच फोटो काढून चढवला. २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय मंत्रालयानेच हे प्रकार पत्रात नोंदवले. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे लाडक्या बहिणींची ई-केवायसी निघाली. तीत बाईबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्याही आधारवरचा ओटीपी मागितला होता. ज्यांचे दोघेही वारले आहेत त्यांनी तो कुठून आणायचा, हे मागाहून लक्षात आले, मग मुदत वाढली आणि सवलत आली. कागद करणाऱ्या साहेबाच्या डोळ्यांपुढे प्रत्येक बाईमागे एक पुरुष आणि प्रत्येक पुरुषाच्या खिशात एक मोबाईल उभा असावा.

तर आजीकडे वळते. पुढे रेशनचीही ई-केवायसी आली. कार्डावरच्या प्रत्येकाने स्वतः ठसा द्यायचा, नाहीतर नाव कमी होणार, असे सांगण्यात आले. आता माझा अंगठा तिच्या कामाचा नव्हता. तिला घेऊन तालुक्याच्या आधार केंद्रावर गेले. सकाळी नऊला नंबर लावला, दुपारी तीनला आत गेलो. तिथला मुलगा माझ्याच वयाचा, बारावीनंतर शाळा सोडलेला. त्याने ओल्या फडक्याने आजीचा हात पुसला आणि एकेक बोट काचेवर दाबून पाहिले. उजव्या हाताची पाचही बोटे गेली. डावा अंगठा गेला, तर्जनी गेली. आजी मान खाली घालून बसली होती. मला तिचे ते बसणे कुठे तरी ऐकलेले वाटले. मग आठवले, शाईच्या पेटीसमोरचे बसणे तिने असेच सांगितले होते. तिने हळूच त्याला विचारले, “लेकरा, सही करून देऊ का? मला येती.”

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. “राहू द्या आजी,” म्हणाला आणि पुढचे बोट धरले. डाव्या हाताची करंगळी. दिवा लागला. ऊस मुठीत धरताना करंगळी बाहेरच्या बाजूला राहते, तिच्यावर भार कमी पडतो. दहांतले ते एक बोट तीस वर्षांच्या ऊसतोडीतून वाचले होते. त्याने मला सांगितले, “ताई, दुकानात हेच लावायला सांगा. दुसरं लावूच नका.”

तेव्हापासून मला महिन्याला गावी जावे लागत नाही. आजी एकटी जाते, करंगळी लावते, धान्य आणते. दिवाळीत घरी गेले तेव्हा ती दारात भांडी घासत बसली होती आणि डाव्या करंगळीला चिंधी गुंडाळलेली होती. मला वाटले, कापले. काय लागले म्हणून विचारले.

“लागलं न्हाई काही,” ती म्हणाली. “ते सरकारचं बोट हाय. त्याला कामाला लावीत न्हाई.”